माणगावचा खासदार

मंडळी, एक सोपा प्रश्न. तुमच्यापैकी ज्यांनी वाकडला किंवा पिंपळे सौदागरला फ्लॅट घेतलाय आणि (आळस झटकून) तिथल्या मतदार यादीत नावही घातलंय, त्यांचा लोकसभा मतदारसंघ कुठला? मावळ. बरोबर. आता जरा अवघड प्रश्न. तुमच्यासोबत त्याच मतदारसंघात आणखी कोण मत देतं?

चिंचवड, पिंपरी, मावळ ही नावं पटकन येतील. पण उरलेले तीन विधानसभा मतदारसंघ घाटाखाली आहेत: कर्जत, पनवेल आणि उरण. म्हणजे वाकडच्या सोसायटीतला टीम लीड आणि उरणजवळ करंजाच्या बंदरात होडी लावणारा कोळी, दोघांचा खासदार एकच! आणि पनवेलहून मुंबई-गोवा हायवेने शंभरेक किलोमीटर खाली गेलं की जे माणगाव लागतं, त्याचा खासदार निराळा. माणगावकर मत देतात ते गुहागरकरांबरोबर. मध्ये सावित्री आणि वाशिष्ठी अशा दोन खाड्या पडतात, जिल्हा बदलतो, पण मतदारसंघ एकच: रायगड.

हा नकाशा कोणी झोपेत काढला असं वाटेल. पण तसं नाही. या नकाशामागे साधा हिशोब आहे, आणि तो हिशोब माणगावच्या बाजूने चुकत नाही तर माणगावच्या विरुद्ध बरोबर येतो. तीच गोष्ट आज सांगायची आहे.

(आधी एक खुलासा. महाराष्ट्रात माणगावं बरीच. १९२० मध्ये बाबासाहेब आंबेडकर आणि शाहू महाराज ज्या परिषदेत एकत्र आले ते माणगाव कोल्हापूरचं. टेंब्ये स्वामींचं माणगाव सिंधुदुर्गातलं. आपलं माणगाव रायगड जिल्ह्यातलं, ताम्हिणी घाट उतरून पुण्याहून जिथे हायवेला लागतो ते. वीकेंडला ट्रॅफिकमध्ये अडकून वडापाव खाल्ला असेल ना, तेच.)

दिल्लीला कोणाला पाठवायचं हे माणगावच्या साध्या माणसाला पहिल्यांदा विचारलं गेलं १९५१-५२ च्या निवडणुकीत. त्याआधी मत देण्यासाठी शेतसारा, मालमत्ता, शिक्षण असल्या अटी होत्या. घटना समितीसुद्धा प्रांतांच्या विधिमंडळांनी निवडलेली, थेट लोकांनी नाही. तेव्हा महाराष्ट्र नावाचं राज्यच नव्हतं, मुंबई राज्य होतं आणि त्याला लोकसभेत ४५ जागा होत्या. त्यातली एक कोलाबा.

कोलाबा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कॉजवे, लिओपोल्ड वगैरे येतं. हा कोलाबा तो नव्हे. अलिबागच्या समुद्रातला आंग्र्यांचा कुलाबा किल्ला, त्यावरून जिल्ह्याचं नाव पडलं. १ जानेवारी १९८१ ला मुख्यमंत्री अंतुल्यांनी जिल्ह्याचं नाव रायगड केलं. गंमत म्हणजे लोकसभा मतदारसंघाचं नाव मात्र कोणी बदललं नाही. जिल्हा रायगड आणि खासदार कोलाब्याचा, हे २००९ च्या निवडणुकीपर्यंत चाललं. जुन्या कोडमधलं व्हेरिएबलचं नाव बदलायला कोणी धजत नाही, तसं. बदललं की कुठे काय फुटेल सांगता येत नाही!

तर कोलाब्याचा पहिला खासदार. चिंतामणराव देशमुख. हे नाव वाचून पुढे जाऊ नका, जरा थांबा. जन्म १८९६, गाव नाते, महाडजवळ, रायगडाच्या पायथ्याला. मॅट्रिकला पहिले, आय.सी.एस. परीक्षेत पहिले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९४४ ला ब्रेटन वुड्सच्या परिषदेत भारतातर्फे गेलेले, जिथे नाणेनिधी आणि जागतिक बँक जन्माला आली. १९५० पासून देशाचे अर्थमंत्री. पक्षाचे कार्यकर्ते म्हणाल तर ते कधीच नव्हते. मंत्री राहायचं तर संसदेचं सदस्य असायला हवं, म्हणून काँग्रेसच्या तिकिटावर ते आपल्या मुलखात उभे राहिले आणि निवडून आले.

आता हा माणूस कोलाब्याचा 'लोकप्रतिनिधी' होता का? गटार, रस्ता, शिफारसपत्र या अर्थाने असेल असं मला वाटत नाही. अर्थमंत्री म्हणून त्यांचा वेळ पंचवार्षिक योजनेत आणि स्टेट बँकेच्या, आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणात जात होता. पण १९५६ साली वेळ आली तेव्हा त्यांनी जे केलं, ते नंतरच्या एकाही खासदाराला जमलेलं नाही.

प्रश्न मुंबईचा होता. राज्यं भाषेनुसार करायची ठरली, पण मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही, केंद्राच्या ताब्यात ठेवायची, असा निर्णय नेहरूंनी १६ जानेवारी १९५६ ला जाहीर केला. मुंबई पेटली. गोळीबारात माणसं मेली. देशमुखांनी जानेवारीतच राजीनामा देऊ केला, समजावणी झाली, मागे पडला. शेवटी जुलैमध्ये तो अमलात आला. लोकसभेत उभं राहून त्यांनी दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. मुंबईबद्दलचे निर्णय मंत्रिमंडळाला न विचारता झाले, आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली. समोर पंतप्रधान बसलेले. सांगणारा त्यांचाच अर्थमंत्री.

व्हॉट्सॅपवर 'सी. डी. देशमुखांनी महाराष्ट्रासाठी खुर्ची सोडली' असा मजकूर फिरतो, तो खराच आहे. पण त्यातला एक मुद्दा नेहमी गाळला जातो. मुंबईत त्या वेळी गिरण्यांमध्ये, गोदीत, घराघरांत काम करणारी माणसं कुठली होती? मोठ्या संख्येने कोकणातली. कोलाबा आणि रत्नागिरीची. म्हणजे कोलाब्याचा खासदार मुंबईसाठी राजीनामा देत होता तेव्हा तो कोणा परक्या शहरासाठी देत नव्हता. त्याचे मतदार गावी होते आणि मतदारांची मुलं, भाऊ, नवरे मुंबईत. हा धागा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढचा भाग शाळेत झालाय, भरभर सांगतो. १ नोव्हेंबर १९५६ ला गुजरात, विदर्भ, मराठवाडा सगळं एकत्र करून मोठं द्विभाषिक मुंबई राज्य झालं. लोकसभेच्या जागा ६६. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने मुंबई, कोकण, पश्चिम महाराष्ट्र हलवून सोडलं. काँग्रेस वाचली ती गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्यामुळे. मुंबईत डांगे निवडून आले, राजापुरात नाथ पै आणि कोलाब्यात शेकापचे राजाराम बाळकृष्ण राऊत. १९६० ला राज्य फुटलं आणि १९६२ ला महाराष्ट्राच्या वाट्याला ४४ जागा आल्या, गुजरातच्या २२. बेरीज करून बघा, ६६. पुढे १९६७ ला ४५ आणि १९७७ ला ४८. तिथून पुढे २०२४ पर्यंतच्या प्रत्येक निवडणुकीत ४८च.

आता कोलाब्याच्या यादीकडे परत येऊ, कारण ती मी ओळीने लिहून काढली तेव्हा मला स्वतःलाच मजा वाटली. १९५२ काँग्रेस (देशमुख). १९५७ शेकाप (राऊत). १९६२ काँग्रेस (भास्कर नारायण दिघे). १९६७ शेकाप (दत्तात्रय काशिनाथ कुंटे, जे त्याआधी मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते). १९७१ काँग्रेस (शंकरराव सावंत). १९७७ शेकाप (दि. बा. पाटील). १९८० काँग्रेस (अंबाजी तुकाराम पाटील). १९८४ पुन्हा शेकाप, पुन्हा दि. बा. १९८९ काँग्रेस, अंतुले. नऊ निवडणुका आणि प्रत्येक वेळी पलटी! एकदाही कोणाला सलग दुसऱ्यांदा जागा राखता आली नाही. बूलियन म्हणावं तर इतकं नेमाने फिरणारं बूलियन मी प्रॉडक्शनमध्येही पाहिलेलं नाही.

याचा अर्थ काय? मला वाटतं, तिथे दोन खरे पक्ष होते. शेकाप हा आज आपल्याला एखाद्या जुन्या सिनेमाच्या पोस्टरसारखा वाटतो, पण या जिल्ह्यात त्याची मुळं पक्षापेक्षाही जुनी. १९३३ ला अलिबागजवळ चरी गावात खोतांविरुद्ध कुळांनी संप केला. शेत कसायचंच नाही. तो सहा वर्षं चालला. नारायण नागू पाटील त्याचे नेते. अशी मुळं असल्यावर देशाची लाट इथे येईपर्यंत खाडीच्या पाण्यासारखी मचूळ व्हायची. सगळ्यात चांगलं उदाहरण १९८४. इंदिरा गांधींची हत्या झालेली, सहानुभूतीची लाट, काँग्रेस देशात ४०० च्या वर. महाराष्ट्रात ४८ पैकी ४३. उरलेल्या पाचांत कोकणातले दोन: राजापूरला मधू दंडवते आणि कोलाब्याला दि. बा.

दि. बां.च्या त्या विजयामागे त्याच वर्षीचा जानेवारी महिना होता. नवी मुंबईसाठी सिडकोने ९५ गावांच्या जमिनी घ्यायला काढल्या होत्या. भावावरून, परताव्यावरून आंदोलन पेटलं आणि १६ व १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना निघाली. आज नवी मुंबईत 'साडेबारा टक्के' हा शब्द एखाद्या ब्रॅन्डसारखा वापरतात, उलव्यात, खारघरात घर शोधताना तुम्हीही ऐकला असेल. त्याच्या मागे हे आहे. आणि विमानतळाला दि. बां.चं नाव द्या म्हणून २०२१ ला भूमिपुत्र रस्त्यावर आले तेही यामुळेच.

मात्र इथेच एक गोष्ट दिसायला लागते. देशमुख दक्षिणेचे, महाड-रोहा बाजूचे. दि. बा. उरणच्या जासईचे. १९९८ आणि १९९९ ला निवडून आलेले शेकापचे रामशेठ ठाकूर पनवेलचे. मतदारसंघाचा गुरुत्वमध्य हळूहळू उत्तरेला सरकत होता. अंतुले मध्ये होते (१९८९, १९९१, १९९६ आणि पुन्हा २००४), ते म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे. त्यांनी दक्षिणेकडची बाजू धरून ठेवली. पण लोकसंख्या कोणाच्या धरण्याने थांबत नाही.

आता थोडा हिशोब. मी प्रेमाने करतो, तुम्ही प्रेमाने वाचा.

घटनेप्रमाणे दर जनगणनेनंतर जागा नव्याने वाटायच्या होत्या. पण कुटुंबनियोजन चांगलं करणाऱ्या राज्यांच्या जागा त्यामुळेच कमी होणार, हे दिसल्यावर १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या जागा १९७१ च्या लोकसंख्येवर गोठवल्या. २००१ ला ८४ व्या दुरुस्तीने हा बर्फ आणखी वाढवला: २०२६ नंतरची पहिली जनगणना होऊन आकडे येईपर्यंत. १९७१ ला महाराष्ट्रात ५ कोटी ४ लाख लोक होते, म्हणजे एका खासदारामागे साडेदहा लाख. २०११ ला ११ कोटी २४ लाख, म्हणजे एका खासदारामागे २३ लाखांच्या वर. त्याच जनगणनेत तामिळनाडूत हा आकडा साडेअठरा लाख आहे आणि राजस्थानात २७ लाखांच्या पुढे. गोव्यात सव्वासात लाख! सावंतवाडीच्या पुढे बांदा ओलांडलं की मताचं वजन तिप्पट. (लहान राज्यांना असा फायदा मिळतोच, गोव्यावर राग नाही.)

या भांडणात महाराष्ट्र कुठे? मी एक साधं गणित केलं. ५४३ जागा तेवढ्याच ठेवून २०११ च्या लोकसंख्येने वाटल्या तर महाराष्ट्राला ५० च्या आसपास येतात. म्हणजे ४८ च्या ५०. बिहार-तामिळनाडूसारखी उलथापालथ आपल्याकडे नाही. दक्षिण विरुद्ध उत्तर या वादात टीव्हीवर आपण मजेत बघे म्हणून बसू शकतो.

पण राज्याच्या आत बर्फ नाही. २००२ चा परिसीमन आयोग (न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांचा) नेमला तेव्हा राज्यांच्या जागा तशाच ठेवून आतल्या हद्दी २००१ च्या जनगणनेने नव्याने आखायच्या असं ठरलं. २००८ ला तो नकाशा लागू झाला. आणि खरी उलथापालथ तिथे झाली.

विधानसभेचं आधी बघा. जुना ठाणे जिल्हा (आताचा पालघर धरून): १३ आमदारांचे २४. रत्नागिरी: ७ चे ५. रायगड: ७ चे ७. वा, रायगड वाचला म्हणायचं? यादी काढून बघा. आधी होते पनवेल, खालापूर, पेण, अलिबाग, श्रीवर्धन, माणगाव, महाड. नंतर झाले पनवेल, कर्जत, उरण, पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड. खालापूरच्या जागी कर्जत आलं, ते जवळजवळ शेजारचंच. पण उरण नवं उगवलं आणि माणगाव गेलं. आकडा सातच. एक आमदार मात्र तालुक्याच्या ठिकाणाहून उचलून बंदराजवळ नेऊन ठेवला. माणगाव तालुक्याचे तुकडे झाले, काही श्रीवर्धनला, काही महाडला. विधानसभेच्या नकाशावर माणगाव हे नाव उरलं नाही. १९९५ पासून माणगावचे आमदार असलेले सुनील तटकरे २००९ ला श्रीवर्धनमधून उभे राहिले.

लोकसभेतही तेच. ठाणे जिल्ह्यात ठाणे आणि डहाणू असे दोन मतदारसंघ होते, त्यांचे चार झाले. ते कुठून आले? राज्याचे ४८ तर वाढणार नव्हते. दक्षिणेकडे कोलाबा, रत्नागिरी, राजापूर असे तीन होते, त्यांचे दोन झाले. नाथ पै आणि मधू दंडवत्यांचं राजापूर कायमचं पुसलं गेलं. कोलाब्याच्या वरच्या टोकाचे पनवेल, उरण, कर्जत कापून घाटावरच्या मावळला जोडले. जे उरलं त्याला भर म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातले दापोली आणि गुहागर चिकटवले. (त्यामुळे मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, आंबेडकरांचं मूळ गाव, आता रायगडात मत देतं.) शेकापचा बालेकिल्ला म्हणजे अलिबाग-पेण-पनवेल-उरण. त्याचे बरोबर मधून दोन भाग झाले. कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण १९५७ पासून चालत आलेला तो लंबक तिथे थांबला. २००९ ला निवडून आले शिवसेनेचे अनंत गीते, जे त्याआधी चार वेळा रत्नागिरीचे खासदार होते. त्यांचा मतदारसंघ गेला, पण खेड-दापोली-गुहागरचे त्यांचे मतदार त्यांच्यासोबत नव्या घरात आले. अंतुले हरले.

हे सगळं का झालं? कारण माणसं गेली. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची लोकसंख्या वाढली कमी असं नाही, चक्क घटली. रत्नागिरी १७ लाखांवरून साधारण १६ लाखांवर. अख्ख्या राज्यात वाढ होत असताना. रायगड वाढला, २२ लाखांवरून २६ लाखांवर, पण ती वाढ पनवेलची आहे, माणगाव-म्हसळा-पोलादपूरची नाही. जनगणनेचा नियम साधा: माणूस जिथे राहतो तिथे मोजायचा. माणगावचा मुलगा गोरेगावात राहतो (मुंबईच्या, आमच्याकडेही एक गोरेगाव आहे), तर तो मुंबईत मोजला जातो. त्याच्या डोक्याने मुंबई-ठाण्याचा आमदार तयार होतो. देशमुखांनी ज्या चाकरमान्यांची मुंबई मागितली ती मिळाली, आणि तिने मागणाऱ्याचा मतदारसंघ खाल्ला.

पण पुढची गंमत ऐका. जागा ठरतात जनगणनेच्या टेबलवरून. निकाल ठरतो मतदार यादीच्या टेबलवरून. आणि ही दोन टेबलं जुळतातच असं नाही! मुंबईत मोजल्या गेलेल्या कितीतरी चाकरमान्यांचं मत गावच्या यादीत असतं. निवडणुकीच्या आदल्या रात्री परळहून, नालासोपाऱ्याहून खाजगी बसेस सुटतात. उमेदवाराने सोय केली असं उघड कोणी म्हणत नाही, तिकीटही कोणी विचारत नाही. १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा म्हणतो की नाव जिथे तुम्ही सर्वसाधारणपणे राहता तिथेच घालायचं, एकाच जागी, आणि गावात नुसतं घर मालकीचं आहे म्हणून तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही. कायदा स्पष्ट आहे. पण गावचं घर, गणपती आणि मतदार यादी या तीन गोष्टी कोकणी माणूस सहजासहजी सोडत नाही. आमच्या वाडीत निम्म्या घरांना कुलूप आहे आणि मतदानाच्या दिवशी शाळेबाहेर रांग असते.

ती रांग फुकट जात नाही. २०१४ ला रायगडात गीते जिंकले ते २,११० मतांनी. जवळपास दहा लाख मतांतून दोन हजार! तटकरे हरले, आणि त्यांच्याच नावाच्या एका अपक्षाला नऊ हजारांहून जास्त मतं पडली. २०१९ ला तटकरे ३१,४३८ ने जिंकले, २०२४ ला ८२,७८४ ने. दोन्ही वेळा समोर गीतेच.

आता तुम्ही म्हणाल, मग काय झालं? लोक जिथे, प्रतिनिधी तिथे. हेच न्याय्य नाही का? मला हा युक्तिवाद मान्य आहे. २०२४ ला मावळमध्ये २५ लाखांहून जास्त मतदार होते, रायगडमध्ये साडेसोळा लाखांच्या थोडे वर. म्हणजे आजही माणगावच्या मताला वाकडच्या मताच्या दीडपट वजन आहे. कुलूपबंद घरांना प्रतिनिधित्व द्या असं तर मी म्हणणार नाही.

पण प्रतिनिधित्व हे नुसतं वजन नसतं. नकाशावर तुम्ही टोकाला आहात की मध्यभागी, यालाही काहीतरी किंमत असते. राजापूरचे दंडवते १९७७ ला रेल्वेमंत्री आणि १९८९ ला अर्थमंत्री होते. जुलै १९९० ला कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं तेव्हा रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस आणि तिजोरीच्या किल्ल्या दंडवत्यांकडे. १९९३ ला जो पहिला टप्पा सुरू झाला तो रोहा ते वीर, माणगाव स्टेशन त्याच्यावरच. कोकणच्या तीन खासदारांपैकी एकाने आयुष्यभर एकच विषय लावून धरला म्हणून माणगावला गाडी थांबते. उलट बाजूला हायवे. पनवेल ते इंदापूर (आमचं इंदापूर, उसाचं नव्हे) चौपदरीकरणाचं काम २०११ ला सुरू झालं आणि दहा वर्षं उलटली तरी पूर्ण झालं नाही. पनवेलहूनच निघणारा मुंबई-पुणे एक्सप्रेसवे २००२ मध्येच पूर्ण झाला होता. खासदार कमी म्हणून रस्ता रखडला, इतकं सरळ समीकरण मी मांडणार नाही. ठेकेदार, जमीन, कोर्ट, सगळंच त्यात आहे. पण ज्या रस्त्याच्या वरच्या टोकाला एक खासदार, मध्ये दुसरा आणि खाली तिसरा, त्या रस्त्यासाठी रात्रीची झोप कोणाची उडणार?

आणि पुढचा नकाशा? जून २०२५ मध्ये केंद्राने जनगणनेची अधिसूचना काढली, बहुतेक देशासाठी संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. ८४ व्या दुरुस्तीत ज्या 'पहिल्या जनगणनेची' अट होती त्यात ती बसते. महिला आरक्षणाची २०२३ ची घटनादुरुस्तीही जनगणना आणि तिच्यानंतरच्या परिसीमनाला बांधलेली. २०२४ ला महाराष्ट्रात दर मतदारसंघात सरासरी १९ लाखांच्या वर मतदार पडत होते. रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग दोन्ही मिळून ३१ लाखांच्या आसपास. म्हणजे दोन खासदार आहेत, हिशोबाने पावणेदोनही येत नाहीत. देशात एकूण जागा वाढवल्या तर गोष्ट वेगळी. तेवढ्याच राहिल्या तर रायगडला कोणीतरी जोडावं लागेल, किंवा रायगडच कोणाला तरी.

परिसीमन आयोगाच्या आदेशाला कोर्टात आव्हान देता येत नाही, तशी तरतूद घटनेतच आहे. मध्ये एकच फट असते. आराखडा राजपत्रात आणि वर्तमानपत्रात छापतात, हरकती मागवतात आणि जाहीर सुनावण्या घेतात. खासदार-आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात खरे, पण त्यांना तिथे मत नसतं. हरकत लेखी द्यायची, तारखेच्या आत. तालुक्याचे तुकडे करू नका, घाटाखालचा भाग घाटाखालीच ठेवा, खाडी ओलांडून जोडू नका, असलं काही म्हणायचं असेल तर ते तेव्हाच. गावी कोणाला तरी राजपत्र वाचायची सवय लावून ठेवायला हवी. आमच्याकडे ते काम बहुधा हायस्कुलातून रिटायर झालेल्या गुरुजींवर येईल. पीडीएफ मी पाठवीन.